मानोंच्या डोंगरात, दादाबरोबर

पहिला दिवस, शुक्रवार

लिऑनहून निघताना दादाने डिकीत पाण्याच्या सहा-सहा बाटल्यांचे दोन गठ्ठे टाकले. "अरे, फ्रान्समध्येच चाललोय ना आपण?" मी म्हटलं. "असू दे," तो म्हणाला. माणदेश सोडून किती का वर्षं होईनात, पाणी बरोबर घेतल्याशिवाय आमच्याकडच्या माणसाचा पाय गाडीत पडत नाही.

दादा माझा चुलतभाऊ. लिऑनला नोकरीला असतो. माझे वडील अण्णा आणि त्याचे वडील आप्पा यांचं पंचवीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण विहीर. आप्पा गेले तेव्हा अण्णा खांदा द्यायला गेले आणि जेवायला न थांबता परत आले. आम्हा पोरांचं मात्र फोनवरून हळूहळू जमलं, आणि विहिरीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हाँसला जायचा हट्ट माझा. कॉलेजात असताना पुण्यातल्या एका फिल्म क्लबात मी 'मानों दे सूर्स' पाहिला होता. क्लोद बेरी यांचा 1986 सालचा हा चित्रपट म्हणजे 'ज्याँ द फ्लोरेत'चा उत्तरार्ध. क्लबाला मिळाला तेवढा उत्तरार्धच, त्यामुळे बापाची गोष्ट ठाऊक नसताना मी लेकीचा सूड पाहिला. बरीच वर्षं वाटायचं की आपण उलटं पाहिलं. नंतर कळलं की मूळ गोष्ट ज्याची, त्या मार्सेल पान्योल या फ्रेंच लेखक-दिग्दर्शकानेही ती आधी उलटीच सांगितली होती. 1952 साली त्याने स्वतः मानोंवर चित्रपट काढला, बायको जाकलीनला मानों केलं. बापाची कहाणी त्यात बोलण्यातूनच येते. पुढे दहाएक वर्षांनी त्याने कादंबरी लिहायला घेतली आणि तेव्हा मागे जाऊन बापाचा अख्खा भाग लिहिला. म्हणजे सूड आधी सुचला, अन्याय नंतर. भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडेही भांडण आधी कळतं आणि कारण मोठं झाल्यावर.

मार्सेयला दुपारी पोचलो ते थेट लाँशां राजवाड्यावर. राजवाडा म्हणायचं एवढंच, तिथे राजा कधी राहिला नाही. हे पाण्याचं स्मारक आहे. 1834-35 मध्ये शहरात कॉलऱ्याने माणसं मेली आणि दुराँस नदीचं पाणी आणायचं ठरलं. माँत्रिशे या इंजिनिअरने 1839 मध्ये कालव्याचं काम सुरू केलं, 1849 मध्ये पाणी शहरात पोचलं, आणि त्या आनंदात बांधलेलं हे प्रकरण 1869 मध्ये पुरं झालं. मधोमध रथात उभी बाई म्हणजे दुराँस नदी, रथाला जुंपलेले कामार्गचे बैल, बाजूला द्राक्षं आणि गहू. पायाखालून धबधबा. दादा बराच वेळ बैलांकडे बघत होता. "मोटेचे बैल असते तर असे माजलेले नसते," म्हणाला.

या भागात वर्षाला पाऊस पडतो साधारण 500 मिलिमीटर. आमच्या माणातही 500च्या आतबाहेरच. फरक इतकाच की इथे उन्हाळा कोरडा आणि जोर शरद ऋतूत, चार-दोन दिवसांत कोसळून मोकळा. आपल्याला प्रोव्हाँस म्हणजे लव्हेंडरची शेतं नि पांढरी घरं असं वाटतं. कॅलेंडरवाल्यांनी दुष्काळाचा फोटो कधी छापला नाही.

रात्री भाड्याच्या खोलीत दोन्ही भाग लॅपटॉपवर लावले. दादा पहिल्यांदाच बघत होता. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: गावातला म्हातारा सेझार सुबेराँ, त्याला सगळे पापे म्हणतात, आणि त्याचा पुतण्या उगोलाँ. उगोलाँला कार्नेशनची फुलशेती करायचीय, त्यासाठी शेजारच्या रानातला झरा हवाय. त्या रानाचा वारस ज्याँ, पाठीला कुबड असलेला, शहरातून बायको नि लहान पोरीला घेऊन येतो. हे दोघे तो यायच्या आधीच झऱ्याचा डोळा बुजवतात. ज्याँ लांबून पाणी वाहून वाहून खचतो, शेवटी विहिरीसाठी सुरुंग लावताना मरतो. पोरगी, मानों, यांना झरा उघडताना पाहते. तिथे पूर्वार्ध संपतो.

उत्तरार्धात मानों मोठी झालेली, डोंगरात शेळ्या राखते. एके दिवशी गावातली दोन माणसं बोलत असतात ते तिच्या कानावर पडतं. झऱ्याचं गावात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. तिच्या बापाला कोणी सांगितलं नाही, इतकंच. त्यानंतर हरवलेली शेळी शोधताना तिला खडकाच्या पोटात अख्ख्या गावाला पाणी पुरवणारा उगम सापडतो, आणि ती तो माती-दगडांनी बंद करते.

त्या दोन माणसांच्या बोलण्यापाशी दादा म्हणाला, "जरा थांबव." उठून गॅलरीत गेला. पाच मिनिटांनी आला, "लाव," म्हणाला. मला वाटलं सिगारेट. पण त्याने ती सोडून सात वर्षं झालीत.

दुसरा दिवस, शनिवार

ओबान्य मार्सेयपासून जवळच. इथे 28 फेब्रुवारी 1895 ला पान्योल जन्मला. घर आता संग्रहालय आहे. तीन खोल्या बघायला दहा मिनिटं पुरतात. बाप शाळामास्तर, आई शिवणकाम करणारी. त्या घरातून निघालेला पोरगा 1946 साली फ्रेंच अकादमीत गेला, चित्रपटवाल्यांपैकी पहिला. गाव तसं रुक्ष. परदेशी सैनिकांच्या त्या प्रसिद्ध फ्रेंच पलटणीचं मुख्यालयही इथेच आहे, त्यामुळे रस्त्यावर पांढऱ्या टोपीचे जवान दिसतात.

माझं लक्ष मातीने वेधलं. ओबान्य कुंभारांचं गाव. इथे सांतों करतात, म्हणजे नाताळच्या देखाव्यात मांडायची मातीची बोटभर माणसं: मासेवाली, शेळ्या राखणारा, पाणक्या. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आठवा. पान्योलच्या गोष्टींतली माणसंही त्यांनी घडवलीत. पाठीला कुबड असलेला ज्याँ मी हातात घेतला आणि किंमत बघून परत ठेवला. चुनखडीच्या डोंगराखाली चिकणमाती लागते म्हणून इथे कुंभार आले. आणि पाणी न पाझरू देणारी चिकणमातीच झऱ्याचा डोळा बुजवायला कामी येते. मानोंचा सूड याच मालाचा.

दुपारनंतर जो पाऊस लागला तो रात्रीपर्यंत. वर्षाचा कोटा आजच संपवतात की काय असा. दिवस वाया.

तिसरा दिवस, रविवार

ऑक्टोबरातला शेवटचा रविवार, रात्रीत घड्याळं तासभर मागे गेलेली. सकाळचा तास फुकट मिळाला आणि संध्याकाळी तो वसूल झाला, ते पुढे.

ला त्रेय हे कागदोपत्री मार्सेय शहराच्या अकराव्या विभागात. प्रत्यक्षात डोंगराच्या कडेला चिकटलेली वाडी. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून दुसरी गाडी आली की कुणी तरी एकाने मोठेपणा घ्यावा लागतो. 1952चा चित्रपट याच भागात झाला. गावातल्या कारंज्याला लोक मानोंचं कारंजं म्हणतात. कारंजं म्हणजे उडणारं नव्हे. दगडी भिंतीतून तोटी, खाली कुंडी. गावच्या आडासारखी जागा. त्या तोटीतून अखंड धार पडत होती. कुणी बंद करत नाही, बंद करायला चावीच नाही. दादाने नकळत हात पुढे केला, जणू वाया चाललंय ते धरायला हवं.

स्मशानभूमी गावाच्या पायथ्याशी. 1 नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, त्या दिवशी इथे माणसं आपापल्या मृतांना शेवंती वाहतात. आपली सर्वपित्री म्हणा. आठवडाभर आधीच कुंड्यांची रीघ लागलेली: पिवळी, जांभळी, विटकरी. (फ्रान्समध्ये कुणाच्या घरी जेवायला जाताना शेवंती नेऊ नका. दादाने एकदा नेली होती.) पान्योलची कबर साधी आहे. 1974 साली तो पॅरिसमध्ये वारला, पण त्याला इथेच आणलं. इथेच त्याची लेक एस्तेल आहे, 1954 मध्ये जेमतेम दोन-तीन वर्षांची असताना गेलेली. दगडावर लॅटिन ओळ आहे: फोंतेस, आमिकोस, उक्सोरेम दिलेक्सित. त्याने झऱ्यांवर, मित्रांवर, बायकोवर प्रेम केलं. क्रम बघा. बायको तिसरी. मी दादाला अर्थ सांगितला तर म्हणाला, "आपल्यात झऱ्याच्या आधी सातबारा आला असता."

मग वर निघालो, गार्लाबानच्या दिशेने. हा डोंगर 715 मीटरचा, उंची काही फार नाही, पण टोकाचा कातळ असा वर निघालाय की लांबून आपला एखादा किल्लाच वाटावा. जून ते सप्टेंबर वणव्याच्या भीतीने इथे येण्या-जाण्यावर निर्बंध असतात, म्हणून ऑक्टोबर निवडलेला. पण रविवार, आणि शिकारीचा मोसम. दरीतून बार ऐकू येत होते. वाटेत भगव्या जाकिटातले दोन शिकारी भेटले, "बाँजूर" म्हणून पुढे गेले, आणि वळणाआड गेल्यावर एकमेकांशी बोलू लागले. दादा आणि मी दोघंही थबकून ऐकू लागलो. ते जेवणाबद्दल बोलत होते.

इथल्या रानाला गारीग म्हणतात. गुडघ्याएवढी काटेरी ओकची झुडपं, थाइम, रोझमेरी, मध्येच होरपळून परत फुटलेले पाइन. ज्याँच्या शेताचं नाव 'ले रोमाराँ', म्हणजे रोझमेरीचं रान. कालच्या पावसाने सगळ्याला वास सुटला होता. पण पाणी? एवढा कोसळला त्याचा डबकाभर मागमूस नाही. चुनखडीचा डोंगर हा असाच. भेगाभेगांतून पाऊस पिऊन टाकतो, आत पोकळ्यांत साठवतो आणि जिथे चिकणमातीचा थर आडवा येतो तिथे बाहेर टाकतो. म्हणजे वरून बघाल तर वाळवंट, आणि पोटात टाकी. ती टाकी कुठे उघडते हे ज्याला ठाऊक तो राजा. म्हणूनच इथे झऱ्याची जागा बापाने मुलाला सांगायची, परक्याला नाही. पान्योलची ला त्रेयजवळच्या बेलों वाडीतली लहानपणची दोस्ती या डोंगरातल्याच एका पोराशी होती. तो त्याला हे डोंगर दाखवायचा, आणि 1918 साली युद्धात मेला. खालच्याच स्मशानात आहे तोही. मूळ गोष्टही पान्योलने लहानपणी याच डोंगरात ऐकली म्हणतात.

एका गुहेच्या तोंडाशी बसून आम्ही डबा उघडला. थेपले (दादाची बायको गुजराती आहे) आणि लिंबाचं लोणचं. समोर खाली मार्सेय, त्यापलीकडे समुद्राची पट्टी. इतकं पाणी दिसतंय आणि पायाखाली थेंब नाही.

"उगोलाँचं वाईट वाटलं मला," मी म्हटलं. खरंच वाटतं. दानिएल ओतयने तो असा केलाय की राग धरता येत नाही. मानोंवर त्याचा जीव जडतो, तिच्या केसांची रिबन तो आपल्या छातीच्या कातड्याला सुई-दोऱ्याने शिवून घेतो. तिने सगळ्यांसमोर झिडकारल्यावर गळफास घेतो. या भूमिकेसाठी त्याला सेझार हा फ्रान्समधला चित्रपट पुरस्कार मिळाला, मानों झालेल्या इमान्युएल बेआरलाही मिळाला. पडद्यावर ती त्याच्यापासून पळत होती आणि पुढे प्रत्यक्षात दोघांनी लग्न केलं. तेही टिकलं नाही, पण ते जाऊ दे.

दादा काही बोलला नाही. मग लोणच्याची बोटं पुसत म्हणाला, "मोटार बिघडत नव्हती."

मला लगेच कळलं. आमच्या विहिरीत दोन्ही भावांचा निम्मा हिस्सा. आठवड्याची पाळी ठरलेली, सोमवार-गुरुवार आमचा. आणि माझ्या लहानपणी सोमवार-गुरुवारी मोटार बिघडायची. पाच-सहा वर्षं. अण्णा तालुक्याहून मेकॅनिक आणायचे तोवर मंगळवार उजाडायचा आणि मोटार चालू. शेवटी अण्णांनी मक्याची वाळकी ताटं बांधाला लावून दिली आणि पुण्याला नोकरी धरली.

"आप्पा मला पाठवायचे," दादा म्हणाला. "मी नऊ-दहा वर्षांचा. पहाटे पेटीतला फ्यूज काढायचा, चड्डीच्या खिशात घालायचा आणि शाळेत जायचं. दिवसभर खिशात. पोरांना दाखवायचो पण."

"पोरांना?"

"मग. सगळ्यांना माहीत होतं. गुरुजींना पण माहीत होतं. एकदा म्हणाले, दे इकडं, आणि मग परत दिला."

मी काय बोलणार? त्या गुरुजींनी मला पाढे शिकवलेत. अण्णा त्यांच्या पाया पडायचे. पहिल्यांदा लक्षात आलं की मला आप्पांचा राग कधीचाच येईनासा झालाय, पण गुरुजींचा आत्ता, गार्लाबानच्या डोंगरावर, थेपल्याचा घास तोंडात असताना येतोय. मानोंने पाणी फक्त सुबेराँ चुलता-पुतण्यांचं तोडलं असतं तर ती साधी वचपा काढण्याची गोष्ट झाली असती. तिने सगळ्यांचं तोडलं. फिल्म क्लबात मला तो अतिरेक वाटला होता.

"अण्णांना माहीत होतं का रे?" दादाने विचारलं.

"विचारलं नाही कधी."

उतरताना वाट चुकलो. घड्याळ मागे गेलेलं विसरून आम्ही सहाचा उजेड धरून चाललो होतो आणि साडेपाचलाच सूर्य गेला. मोबाइलच्या उजेडात शेवटचा तासभर. दादा पुढे, मी मागे, "दगड आहे," "इथं घसरतंय," एवढंच बोलणं. ला त्रेयच्या तोटीवर दोघांनी ओंजळीने पाणी प्यायलं. डिकीतल्या बाटल्यांतला एक गठ्ठा अजून उघडलाही नव्हता.

चौथा दिवस, सोमवार

बेरीने 1985 साली दोन्ही भाग एका दमात चित्रित केले, आणि फ्रान्समध्ये तोवर इतका खर्च कुठल्या चित्रपटावर झाला नव्हता. ला त्रेय तोवर फार शहराळलं होतं, म्हणून त्याने गाव म्हणून निवडलं ते मिराबो, मार्सेयच्या उत्तरेला दुराँसच्या काठावर. ज्याँचं घर रिबू गावाच्या हद्दीत, ती खासगी जागा, तिकडे आम्ही गेलो नाही.

मिराबोचा चौक ओळखू येतो. प्लेनचं (चिनाराच्या जातीचं) झाड, पायऱ्या, बंद खिडक्या. मासिकातल्यासारखं सुंदर आहे आणि त्या चित्रपटाबद्दल माझी तक्रार तीच आहे: सगळं फार सुंदर दिसतं. तहान दिसायला हवी तिथे सोनेरी ऊन दिसतं. पापे झालेला इव्ह मोंताँ मात्र त्या उन्हाला पुरून उरतो. इटलीत जन्मून मार्सेयच्या गरीब वस्तीत वाढलेला हा माणूस, पापे करत होता तेव्हाच, सप्टेंबर 1985 मध्ये, त्याची बायको सिमोन सिन्योरे गेली. उत्तरार्धाच्या शेवटी देल्फिन नावाची आंधळी म्हातारी बाकावर बसून पापेला सांगते की ज्याला त्याने पाण्यावाचून मारलं तो ज्याँ त्याचाच मुलगा होता. तो आफ्रिकेत सैन्यात असताना ज्याँच्या आईने, फ्लोरेतने, लिहिलेलं पत्र त्याला पोचलंच नाही. त्या वेळी मोंताँ काहीही करत नाही. नुसता बसतो. चेहरा आतून कोसळत जातो. मराठी माणसाला इथे कर्ण आठवणारच, फक्त आपल्याकडे कुंती लढाईआधी येऊन सांगते. इथे सगळं झाल्यावर.

तो बाक आम्ही शोधला, सापडला नाही. चौकात एक आजीबाई मटारच्या शेंगा नव्हे, बदाम सोलत बसल्या होत्या. दादाने त्याच्या लिऑनी फ्रेंचमध्ये चित्रपटाबद्दल विचारलं. त्यांनी बोट वर करून एक खिडकी दाखवली, मग दुसरी, मग कंटाळून हात झटकला. चाळीस वर्षं हाच प्रश्न, कोण उत्तर देत बसणार.

मानोंचं लग्न लागतं ते चर्च तिथून पश्चिमेला, व्होझीन गावाबाहेर. छोटं, दगडी, बंद. दाराशी पाच मिनिटं थांबलो. वाटेत क्यूक्यूरों गावात प्लेनच्या झाडांनी वेढलेला मोठा चौकोनी तलाव आहे, तिथे कॉफी प्यालो. दादाने तिथेच विचारलं, "फोन लावू का अण्णांना?" भारतात संध्याकाळ झालेली. "आत्ता नको," मी म्हटलं. कशाला भ्याले कुणास ठाऊक.

लिऑनला परतायच्या आधी मीच त्याला वाकडी वाट करायला लावली, रोकफाव्हूरला. मार्सेयला पाणी नेणारा तो दुराँसचा कालवा इथे एक दरी ओलांडतो, तीन मजली कमानींवरून, 83 मीटर उंचीवर. रोमनांनी बांधलेला पाँ दू गार हा जलसेतू उंचीला त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. 1841 ते 1847 अशी सहा वर्षं बांधकाम चाललं, आणि आजही वरून पाणी वाहतंय. खाली उभं राहून काहीच ऐकू येत नाही.

मी फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचाच फोन. दादा गाडी चालवत होता, म्हणून मी स्पीकर लावला आणि सांगून टाकलं की दादा ऐकतोय.

"बरं. हे काय आहे, धरण?"

"कालवा आहे अण्णा. वरून पाणी जातं. मार्सेयला."

"एवढ्या वर? मोटार किती एचपीची?"

"मोटारच नाही. नदी वरच्या अंगाला आहे, तिथपासून नुसत्या उताराने आणलंय."

पलीकडे जरा शांतता. टीव्हीचा आवाज कमी झाला.

"मोटार नाही ते बरंय," अण्णा म्हणाले. "दादाला म्हणावं, फ्यूज काढायला सकाळी उठायला नको."

दादाने गाडी बाजूला घेतली.